तंबाखू सोडू पाहणाऱ्या शिक्षकास साहाय्य



आरोग्याचा पाठ संपवून वर्गाबाहेर येताच ज्याचा हात खिशातील पुडीकडे वळतो, त्या शिक्षकाची अडचण अज्ञान ही नव्हे. तंबाखूचे दुष्परिणाम त्यास मुखोद्गत असतात. गावात मान असल्यामुळे तो आपली सवय झाकून ठेवतो आणि झाकलेल्या सवयीस साहाय्य मिळत नाही, ही खरी अडचण. तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड व झोपमोड होते. ती निकोटिनास सरावलेल्या शरीराची मागणी होय. तीस मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवेच्या १८००-११२-३५६ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. जिल्हा रुग्णालयातही याविषयी चौकशी करावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनाचा च्युइंगगम घेता येतो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप चघळावी. सुपारी मात्र नको, तिनेही कर्करोग होतो. मिशरी लावणाऱ्या भगिनींनी स्वतःस यातून वगळू नये. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

सोडण्याचा दिवस एका सहकाऱ्यास आधीच सांगावा. मधल्या सुट्टीत पुडी पुढे करणारा बहुधा तोच असतो.