डब्याखालचं स्टिकर

(बोदवड येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

कर्जाचं, हप्त्याचं अध्यक्षताई बोलतीलच. मी बोलणार आहे कार्यालयातल्या वायफायच्या डब्याबद्दल, म्हणजे राऊटरबद्दल. त्याला पुसायलाही कुणी हात लावत नाही. "हात नको लावू वं, जळून जाईन," असं कितीतरी जणींनी मला सांगितलंय.

आधी माझी चूक सांगते. डबा बसवणारा मुलगा पासवर्ड टाकून गेला. एवढी एमएसडब्ल्यू शिकलेली मी, पण काहीच लिहून घेतलं नाही. पासवर्ड शेजारच्या दुकानात गेला, तिथून गल्लीतल्या पोरांकडे. मग लोकोस ॲपवर समूहांच्या नोंदी भरायच्या दिवशी नेट रांगायला लागलं. मी चिडून डब्याच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. डबा कोरा झाला! पासवर्ड गेला ते ठीक, पण कंपनीने आत भरलेलं कनेक्शनचं युजरनेमही पुसलं गेलं. दोन दिवस नेट नाही. आपल्या सीआरपी ताई गच्चीवर रेंज शोधत मोबाईलवर नोंदी भरत बसल्या. म्हणून रीसेटच्या भोकाला हात लावण्याआधी कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून विचारून वहीत लिहा.

आता नीट कसं करायचं ते ऐका. डबा उलटा करा. खाली स्टिकर असतं, त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि एक आकडा असतो, बहुतेक 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. मोबाईलचा डेटा बंद करा, नाहीतर कधीकधी पान उघडत नाही. वायफायला जोडून घ्या आणि क्रोममध्ये वरच्या पट्टीत तो आकडा टाका. डब्याचं स्वतःचं पान उघडतं. काही कंपन्या त्यातली पानं बंद ठेवतात. तिथे त्यांचाच माणूस बोलवा, पण तो काय करतो ते शेजारी बसून बघा.

इथे पासवर्ड दोन असतात, आणि गोंधळ इथेच होतो. एक वायफायचा, तो नेट वापरण्यापुरता. दुसरा डब्याचा, म्हणजे त्या पानात शिरायचा. आपल्या कॅशपेटीची किल्ली आपण पेटी उघडायला येणाऱ्या कुणालाही देतो का? डब्याच्या पासवर्डचंही तसंच. तो बऱ्याच वेळा 'admin' असाच आलेला असतो, इंग्रजीत लिहिलेला, साऱ्या जगाला ठाऊक. तो आधी बदला. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड टाकून जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. 2017 च्या जुलैमध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम असेच बंद पडले, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं.

मग वायफायचं नाव आणि पासवर्ड बदला. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए2 किंवा 3 निवडा. पासवर्डमध्ये समूहाचं नाव आणि 123 नको, ते पोरं पहिल्यांदा टाकून बघतात. सेव्ह केलं की मोबाईलचं वायफाय तुटतं. घाबरू नका, नवा पासवर्ड टाकून परत जोडा. बाहेरून आलेल्यांसाठी 'गेस्ट' वायफाय वेगळं ठेवता येतं. ते चालू करा, म्हणजे दुकानदाराला नाही म्हणायची वेळ येत नाही.

डबा लोखंडी कपाटात ठेवू नका, उंचावर मोकळा ठेवा. जुन्या जाड भिंतींतून 2.4 चा सिग्नल 5 पेक्षा जास्त लांब जातो. आणि 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर सेटिंगला हात लावू नका. बाहेर फायबरची तार तुटली किंवा वाकली असण्याची शक्यता जास्त. ती विजेच्या वायरीसारखी चिकटपट्टीने जोडता येत नाही, तक्रारच करावी लागते.

पुढच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या डब्याच्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन यावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका, बरं का. त्या दिवशी कार्यालयाचा डबा लेखापाल ताई सेट करतील. मी बाजूला बसेन, सेफ्टी पिन घरी ठेवून.