पुढच्या मृगाचे बियाणे रोखीने
(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृग निघाला की कृषी सेवा केंद्रांत गर्दी उसळते. त्या गर्दीत दोन तऱ्हेची गिऱ्हाइके असतात. एक रोख मोजतो, दुसरा वहीत नाव लिहून घेतो. रोखीवाला हवे ते वाण मागतो, पिशवीवरील तारीख वाचतो, पटले नाही तर शेजारच्या दुकानात जातो. उधारीवाला समोर येईल ती पिशवी उचलतो. या दुसऱ्याने पुढच्या वर्षी पहिल्याच्या रांगेत कसे यावे, एवढाच आज माझा विषय आहे.

आधी हिशेब पाहू. समजा, आपली पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि सोयाबीनचे बियाणे, खत, तणनाशक मिळून २४,००० रुपये लागतात. उधारीवर दरमहा शेकडा २ रुपये धरले, म्हणजे वर्षाला २४ टक्के, तर जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांचे व्याज २,४०० रुपये होते. हे झाले दिसणारे नुकसान. न दिसणारे याहून मोठे असते. पुष्कळ गावांत उधारी देणारा आणि माल घेणारा एकच असतो. मळणी झाली की पोती थेट त्याच्या काट्यावर जातात. हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनमधील ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. चार-सहा दिवस ऊन दिले तर माल त्या प्रतीचा होतो. पण देणेकऱ्याला तेवढीही सवड नसते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळू शकते. ही योजना १९९० पासूनची आहे. ज्याच्या मालावर दुसऱ्याची नजर आधीच बसली आहे, त्याला तिचा काय उपयोग?

‘यंदा पैसे बाजूला ठेवायचेच’ असे दिवाळीत सगळेच ठरवतात. माघ उजाडेपर्यंत ते पैसे कुठे गेले हे सांगता येत नाही. याला आळस किंवा उधळेपणा म्हणण्याचे कारण नाही. नोकरदाराचा पगार दरमहा येतो. आपला पैसा वर्षातून दोनदा, एकगठ्ठा येतो, आणि तो आल्याचे साऱ्या भावकीला कळते. मेव्हण्याला मोटार दुरुस्त करायची असते, चुलत्याच्या घरी लग्न निघते. पैसा असताना ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

इथे चार सोबती कामाला येतात. सोबती म्हणजे आपल्यावर पहारा ठेवणारे, असा आपला समज असतो. तेवढेच ते नाही. ‘आमच्या मंडळींत तसे ठरले आहे, मे महिन्यापर्यंत मला हात लावता येत नाही,’ असे सांगता आले की मेव्हणाही दुखावत नाही आणि पैसाही राहतो. एकट्याच्या निश्चयाला असा आडोसा नसतो.

भगिनींनी हे आपल्याआधी ओळखले. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ सालची. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि पुढे गावोगाव महिलांचे गट झाले. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्यांची पंचसूत्री आपल्या घरातील भगिनींना पाठ असेल. पुरुषांचे गट त्या मानाने लवकर मोडतात, असे माझे निरीक्षण आहे. कारण एकच, भीड. एखाद्याने दोन हप्ते चुकवले तरी ‘कशाला विचारायचे, वाईट दिसते’ म्हणून सारे गप्प बसतात. तिसऱ्या महिन्यात दुसराही चुकवतो. पुढे बैठकच भरत नाही.

म्हणून मी थोडी निराळी रीत सुचवतो. बचत गट आपल्या जागी चालू द्या. त्याशिवाय पाच-सहा जणांनी एकत्र यावे. एका शिवारातले, साधारण सारखे पीक घेणारे असावेत. प्रत्येकाने आपापले वर्षाचे उद्दिष्ट ठरवावे. ते सर्वांचे सारखे असण्याची गरज नाही. कोणाचे २४,०००, कोणाचे ९,०००. वहीच्या पहिल्या पानावर रक्कम आणि कारण दोन्ही लिहावे. ‘बचत’ एवढेच लिहू नये. ‘पाच एकरांचे बियाणे-खत, रोख’ असे लिहावे. नाव नसलेला पैसा कोणत्याही कामाला जातो.

पैसा मात्र कोणी कोणाकडे देऊ नये. तो ज्याच्या त्याच्या नावावर, ज्याच्या त्याच्या खात्यात राहावा. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी पासबुके घेऊन बसायचे आणि एकमेकांची पाहायची. सोबत्यांचे काम साक्षीचे, खजिनदाराचे नाही. यामुळे हिशेबाचे भांडण होत नाही आणि कोणी गाव सोडून गेला तरी इतरांचे काही बुडत नाही. भिशीत नेमके हेच भय असते. आधी नंबर लागलेला गडी पुढे हप्ते भरील याची हमी नसते. लिलावाच्या भिशीत तर गरजवंत स्वतःच आपली रक्कम कमी करून घेतो.

आता रक्कम कशी जमवायची? आपल्या पैशाच्या वाटेप्रमाणे. वर्ष मृग ते मृग धरा. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी मिळत असेल तर वर्षात ३६ बिले होतात. गाय दोन महिने भाकड राहील असे धरून ३० बिले मोजा. प्रत्येकी २०० रुपयांप्रमाणे ६,००० झाले. सोयाबीन विकल्यावर १२,०००, हरभऱ्याचे ६,०००. झाले २४,०००. दरमहा २,००० भरायचे ठरवले असते तर श्रावणातच खंड पडला असता.

सोयाबीनचे १२,००० आले की त्याच आठवड्यात त्यांची मुदत ठेव करा, आणि मुदत मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपेल अशी ठेवा. मार्च-अखेरची मुदत घेतलीत तर पैसा ऐन लग्नसराईत हाती येईल. मग मी काही सांगण्यासारखे उरणार नाही. व्याज थोडके मिळेल, पण आपण व्याजासाठी हे करत नाही. दुधाचे पैसे ज्या खात्यात जातात ते मोबाईलला जोडू नका. चहाच्या टपरीवरही आता फोन दाखवून पैसे जातात, आणि शंभर-दोनशे कधी गेले ते कळत नाही.

खाते कोठे काढावे, हेही पाहावे. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून वाढवली गेली. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. दोन टक्के जास्त व्याज सांगणारा घरी आला तर एवढे ध्यानात ठेवावे.

निसर्ग साथ देईलच असे नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी २४,००० चा हट्ट धरू नये. बैठकीत बसून, सर्वांसमोर, उद्दिष्ट १०,००० वर आणावे आणि वहीत तसे लिहावे. आकडा कमी करण्यात कमीपणा नाही. बैठकीला यायचे टाळण्यात आहे. जो सलग दोनदा आला नाही त्याच्या घरी दोघांनी जावे. चारचौघांत न बोलता, ओसरीवर बसून विचारावे. बहुधा घरात आजारपण किंवा जुने देणे निघते. अशा वेळी ठेव मोडण्याऐवजी बचत गटातून छोटे कर्ज काढता येईल का, हे आधी पाहावे.

कोणी म्हणेल, पीककर्ज असताना हा खटाटोप कशाला? पीककर्ज जरूर घ्यावे. ते मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात चांगली सवलत मिळते. पण जो एकदा थकला त्याला पुढचे कर्ज मिळत नाही, आणि तोच उधारीच्या वहीत सापडतो. थकबाकी असेल तर पहिल्या वर्षीचे उद्दिष्ट ‘थकबाकी फेडणे’ हेच लिहा.

आणखी एक. वहीतला आकडा घरच्या कारभारणीला माहीत असू द्या, आणि पासबुक शक्यतो तिच्याकडे ठेवा.

मेच्या शेवटच्या बैठकीत ठेवी मोडल्या की सर्वांनी मिळून खरेदीला जावे. पाच-सहा जणांची रोख खरेदी म्हटल्यावर दुकानदार भावाचे बोलतो. घरचे सोयाबीन बियाण्यासाठी राखले असेल तर त्याआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण पाहा. ७० किंवा अधिक उगवले तर तेवढे विकत घेण्याची गरज नाही. जे विकत घ्याल त्याची पक्की पावती मागा, आणि ती पावती, लेबलासह रिकामी पिशवी व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा.