पायाखालच्या जमिनीची ओळख



२०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, ते दिवस आपण विसरला नसाल. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा घराबाहेर धावताना पडून एक चिमुरडी दगावली. अफवांना तर ऊत आला होता. अशातच वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, जमिनीच्या पोटात काय आहे ते कोणी पाहिलंय का?" त्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे मांडतो.

खोल विहिरीच्या काठावरून हाक मारा. आवाज तळाशी जाऊन परत येतो. विहीर जितकी खोल, तितका त्याला उशीर. शास्त्रज्ञ जमिनीलाही अशीच हाक मारतात. भोक पाडून सुरुंग उडवितात किंवा जड यंत्राने जमीन थरथरवतात. लहरी खाली जातात आणि खडक बदलला की त्यांतील काही मागे फिरतात. वर ओळीने मांडलेली नाजूक यंत्रे त्या टिपतात. मुलांनो, हिशेब करा. लहर सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने गेली आणि १२ सेकंदांनी परतली, तर खोली किती? जाण्यास ६ सेकंद, म्हणजे ३६ किलोमीटर. असे असंख्य प्रतिध्वनी जुळवून जमिनीच्या पोटाचे चित्र तयार होते.

याचा उपयोग काय? घरातील सतरंजी एका बाजूने भिंतीकडे ढकला. तिला वळ्या पडतील, पण खालची फरशी तशीच राहील. हिमालयाच्या वळ्या आपल्याला दिसतात. त्यांच्या खालची 'फरशी' दिसत नाही. १९९२ मध्ये चिनी व अमेरिकन शास्त्रज्ञांनी दक्षिण तिबेटात हा प्रयोग केला, तेव्हा भारताचा भूखंड ज्या पृष्ठावरून तिबेटखाली सरकतो, ते पृष्ठ प्रतिध्वनींत उमटले. भूकवचाचा तळ तेथे सुमारे ७५ किलोमीटर खोल आढळला. २०१५ चा नेपाळचा विनाशकारी भूकंप याच सरकत्या पृष्ठावर झाला. धोका कोठे दडला आहे, हे अशा चित्रावरून उमगते.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, १९७० च्या दशकात, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना भागात सुरुंगांच्या लहरींनी कवचाची जाडी मोजली.

आपला सह्याद्री मात्र हिमालयासारखा वळीचा पर्वत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून हा काळा खडक झाला. घाटावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. कोकणात मात्र ते समुद्राकडे झुकतात. पनवेलजवळ ही वाकण ठळक दिसते, म्हणून तिला पनवेलचे नाव आहे. या काळ्या खडकाखाली जुने, भेगाळलेले खडक दडलेले असतात. म्हणून वरून शांत दिसणाऱ्या जमिनीचेही पोट तपासावे लागते.

डहाणूत धक्के सुरू झाल्यावर हैदराबादच्या त्याच संस्थेने येथे भूकंपमापक यंत्रे बसविली. येथे सुरुंगाची गरज नव्हती. जमीन स्वतःच बोलत होती. अनेक ठिकाणी लहर किती वाजता पोहोचली, यावरून धक्क्याचे ठिकाण व खोली काढता येते.

बंधुभगिनींनो, भूकंपाचा दिवस आणि वेळ मात्र आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. कोणी तारीख सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा आज घरी गेल्यावर माळ्यावरची जड पेटी खाली उतरवा. मुलांचे अंथरूण तडा गेलेल्या भिंतीपासून दूर घाला. धक्का बसताच मजबूत टेबलाखाली बसून डोके झाका, हे मुलांकडून करवून घ्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, येथे जी यंत्रे आली, ती वाचणारी माणसे बाहेरून आली होती. गणित आणि विज्ञानाचा कंटाळा करू नका. उद्या ती यंत्रे वाचणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या आगरची असावी, एवढीच माझी इच्छा आहे.