चूल, धूर आणि काळीज



मी सातवी शिकलेली. चूकभूल पदरात घ्या.

डॉ. पद्मावतींचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. युद्ध पेटलं तेव्हा, १९४२ साली, त्या भारतात आल्या. परदेशी हृदयरोगाचं शिक्षण घेऊन दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात शिकवू लागल्या. लहानपणापासून चुलीपुढे बसणाऱ्या बायकांची फुप्फुसं शेणी-लाकडांच्या धुरानं बिघडतात आणि त्याचा भार हृदयावर पडतो, हे त्यांनी १९५९ साली लेखातून मांडलं.

माझी आई चुलीशी खोकत असे. आम्ही म्हणायचो, "बायकांचं असं चालायचंच." दोष धुराचा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

पद्मावतीबाई १०३ वर्षांचं आयुष्य जगून २०२० साली गेल्या. भगिनींनो, घरात कुणी चुलीपुढे खोकत असेल, तर दुखणं अंगावर काढू देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.