माजघरातला अंधार आणि बिनतारी फ्लॅश

घराचा फोटो काढायचा म्हटले की आपण अंगणात उभे राहतो. मागे कौले, पुढे ओटी, ओटीवर घरची मंडळी. आतल्या घराचा फोटो क्वचितच निघतो. कारण साधे आहे. कोकणपट्टीतल्या जुन्या घराचे छप्पर खाली उतरलेले, खिडक्या लहान. भर दुपारीही माजघरात काळोख!

परंतु हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. घिवलीजवळच्या अक्करपट्टी व पोफरण या गावांना तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठावे लागले. या भट्ट्यांतून २००५-०६ पासून वीज मिळू लागली. घर गेले की देव्हारा कुठे होता, चूल कशी होती, हे नातवंडांना नुसते तोंडाने सांगावे लागते. आणि प्रकल्प नसला, तरी स्लॅबच्या घरासाठी जुने घर आपण आपल्याच हातांनी पाडतो, नाही का?

न्यूयॉर्कच्या जेकब रीस या बातमीदाराने मॅग्नेशियमची पूड पेटवून गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो घेतले आणि १८९० साली पुस्तकातून जगापुढे मांडले. आज पूड नको. विजेचा फ्लॅश आहे. मात्र तो कॅमेऱ्यावरच ठेवलात, तर जवळचा खांब पांढराफटक पडतो आणि मागची भिंत अंधारात बुडते. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा निसर्गाचा हिशेब आहे.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवावा. कॅमेऱ्यावरचे छोटे यंत्र रेडिओलहरींनी त्याला इशारा देते. दार लावले तरी आतल्या खोलीत रेडिओ वाजतोच ना? तसाच हा इशारा भिंतीपलीकडे पोचतो. एक फ्लॅश दाराआड स्वयंपाकघरात ठेवता येतो. त्याचे तोंड वस्तूंकडे नको. चुन्याच्या भिंतीकडे किंवा पांढऱ्या चादरीकडे करा. उजेड मऊ होऊन पसरतो. रंगीत भिंतीवरून परतलेला उजेड मात्र तिचा रंग घेऊन येतो, एवढे ध्यानात ठेवा.

आता खिडकी. कॅमेरा तिपाईवर लावून प्रथम फ्लॅशवाचून फोटो घ्या. खिडकीबाहेरचा माड नीट दिसेल असे शटर ठरवा. मग फ्लॅश जोडा. फ्लॅश क्षणाच्या अगदी लहान अंशात विझतो; त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवले, तर खिडकीचा उजेड वाढतो, फ्लॅशचा नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाहून जलद नको. नाहीतर फोटोचा काही भाग काळा येतो.

शेवटी एक सांगणे. उजेड हवा, पण खोटेपणा नको. धुराने काळवंडलेले वासे काळेच दिसू द्या. घर विकायचे असो वा पाहुण्यांना भाड्याने द्यायचे असो, खोलीचा दिवाणखाना करू नका. येणारा माणूस डोळे घेऊनच येतो.

गुरुजनहो, शाळेत असा एक संच असला, तरी मुले गावातल्या जुन्या घरांची नोंद करतील. घरधन्याची परवानगी घ्यावी, आणि प्रत्येक फोटोमागे गाव, घर व साल लिहावे. घर पडायच्या आधी, बरे का.