वकिलीस जावयाचें तर आधीं कोणता विषय घ्यावा?

(बारावीच्या निकालानंतर शाळेच्या पटांगणांत भरलेल्या पालकांच्या सभेंत दिलेलें भाषण)



निकाल लागून आठ दिवस झाले. ह्या आठ दिवसांत आमच्या ओसरीवर तीन पालक एकच प्रश्न घेऊन आले. एक सुतारकाम करणारे दादा, एक शेतकरी बाई आणि एक चपला शिवणारे आजोबा. "गुरुजी, पोरगी वकील व्हायचं म्हणतिया. मग आता तिला कुठल्या विषयाला घालू?" प्रत्येकास उभ्याउभ्या अर्धें उत्तर देण्यापेक्षां सर्वांसमक्ष एकदांच बोलावें, म्हणून आज तुम्हांस येथें जमण्याची तसदी दिली. आम्ही कांहीं वकील नाहीं. मराठी अध्यापक विद्यालयांत शिकलों आणि वीस वर्षें लहान मुलांकडून अक्षरें गिरवून घेत आहों. परंतु कायद्याचा कागद घरांत येतो तेव्हां काय होतें, हें आम्हीं भोगलें आहे.

आमचे आजोबा वारले तेव्हां वारसनोंदीची नोटीस घरीं आली. वडिलांनीं ती आमच्यापुढें टाकली व "बघ रे काय म्हणतात" असें म्हटलें. आम्हीं वाचली. "हरकत असल्यास पंधरा दिवसांत" हे शब्दही वाचले. मग "तलाठ्याचा नेहमींचा कागद आहे" असें सांगून ती कोनाड्यांत ठेवली. तींत वडिलांचें व चुलत्यांचें नांव होतें. दोघी आत्यांचीं नांवें नव्हतीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगीही वारस आहे. पण पंधरा दिवस गेले, फेरफार मंजूर झाला. पुढें थोरली आत्या विधवा होऊन माहेरीं आली, तिनें सातबारा काढविला, तर त्यांत ती नाहीं. ती आम्हांस म्हणाली, "तू मास्तर झालास, आणि माझं नाव नाही हे तुला दिसलं नाही?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं आजही उत्तर नाहीं. नांवें लावून घेण्यास प्रांताच्या कचेरींत चार वर्षें हेलपाटे घातले. अक्षर ओळखणें निराळें व कागद वाचणें निराळें, हें आम्हांस तेव्हां कळलें. आणि विषय निवडण्याबद्दल आम्ही पुढें जें सांगणार तें सगळें ह्याच अनुभवावर उभें आहे.

आतां वाटा दोन आहेत. बारावीनंतर थेट पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, किंवा आधीं कोणतीही पदवी आणि मग तीन वर्षें एल्एल. बी. कोणतीही म्हणजे खरोखरच कोणतीही: कला, वाणिज्य, शास्त्र, शेतकी, इंजिनियरिंग. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत विषयाची अट नाहीं. अट आहे ती गुणांची. खुल्या वर्गास शेंकडा ४५, इतर मागासवर्गीयांस ४२, अनुसूचित जातीजमातींस ४०. म्हणून शेजारच्या पोरानें घेतला एवढ्यासाठीं न झेपणारा विषय घेऊन काठावर पास होणाऱ्यानें आपल्याच हातानें दार लावून घेतलें असें समजावें.

दुसरें एक दार असें आहे कीं तें लागलेलें आहे हें पदवी हातांत पडल्यावर कळतें. दहावी-बारावी न करतां मुक्त विद्यापीठांत थेट प्रवेश घेऊन पदवी मिळविली, तर ती पदवी कायद्याच्या प्रवेशास चालत नाहीं, असें त्याच नियमांच्या स्पष्टीकरणांत लिहिलें आहे. बारावी होऊन मग घरबसल्या पदवी केली तर चालतें. शाळा अर्धवट सोडून मजुरीस लागलेलीं आपलीं कितीतरी पोरें ह्या आडवाटेनें शिकतात. त्यांनीं आधीं बारावी करावी, मग पुढचें पाहावें. ह्यांत आळस केला तर तीन वर्षें व घरचे पैसे दोन्ही बुडतील.

पांच वर्षांची वाट एक वर्षानें आंखूड आहे, हें खरें. पण तिच्यांत मध्येंच शिक्षण सुटलें तर तीन वर्षांची म्हणून बी. ए. वेगळी काढून देत नाहींत. तसें करण्यास नियमानें बंदी आहे. पाऊस गेला, बाप आजारी पडला, तर पोर बारावी पासच राहतें. ज्या घरीं पांच वर्षांचा खर्च निश्चित आहे त्यांनीं ती वाट खुशाल धरावी. हातावर पोट असणाऱ्यानें आधीं पदवी पदरांत पाडून घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग विषय कोणता? थोरांचीं उदाहरणें पाहूं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१२ सालीं मुंबईस अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केलें. शेतीचे तुकडे का पडतात व त्यावर उपाय काय, ह्यावर त्यांनीं १९१८ सालीं लिहिलें, आणि बॅरिस्टर झाले ते १९२२ सालीं. १९३७ सालीं खोती बंद करण्याचें बिल त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत आणलें, त्या वेळीं जमिनीचा हिशेब त्यांच्या डोक्यांत वीस वर्षें मुरलेला होता. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण इतिहास व राज्यशास्त्र घेऊन १९३८ सालीं पदवीधर झाले आणि १९४१ सालीं पुण्यास एल्एल. बी. झाले. डॉ. पंजाबराव देशमुखांनीं तर विलायतेंत वेदवाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहिला. ते बॅरिस्टरही झाले आणि पुढें देशाचे शेतकी मंत्रीही. आतां वेदांचा आणि कोर्टाचा काय संबंध? जुन्या ग्रंथांतील एकेका शब्दाचा अर्थ चाळणींतून काढण्याची संवय ज्यास लागली, त्यास दस्तऐवज अवघड जात नाहीं.

तेव्हां ज्या विषयांत लांब मजकूर वाचावा लागतो, दोन बाजू तोलाव्या लागतात आणि स्वतःच्या वाक्यांत उत्तर लिहावें लागतें, तो विषय वकिलीस चांगला. इतिहास असो, अर्थशास्त्र असो, मराठी असो. मराठी घेतलें म्हणून पोर मागें पडतें असें कोणी म्हणेल तर मानूं नका. मात्र गाईड पाठ करून पास होणार असाल तर कोणताही विषय सारखाच निरुपयोगी. राज्यशास्त्र घेतल्यास घटना दोनदां शिकावयास मिळते. तोटा नाहीं, पण तेंच घेतलें पाहिजे अशी जी समजूत आहे ती खोटी. वाणिज्य शिकलेल्यास पतपेढी, न वटलेला चेक, जीएसटी हीं कामें लवकर समजतात, आणि तालुक्याच्या गांवीं अशीं कामें पुष्कळ असतात. शेतकीचा पदवीधर वकील झाला तर पीकविम्याच्या तंट्यांत तो काय बोलतो तें ऐकण्यासारखें असेल.

एकाच ठिकाणीं पदवीची शाखा खरोखर आडवी येते. नव्या शोधांचीं पेटंटें मिळवून देणारा एजंट होण्यास शास्त्र, इंजिनियरिंग किंवा तंत्रविद्येची पदवी लागतेच. ज्यांना तिकडे जावयाचें त्यांनीं गणित-विज्ञान सोडूं नये. चपलावाले आजोबा समोर बसले आहेत म्हणून आणखी सांगतों. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. २०२५ सालीं इटलींतल्या एका बड्या कंपनीनें तसल्याच चपला मांडल्या तेव्हां कांहीं वकील मुंबईच्या हायकोर्टांत गेले. मानांकन ज्यांच्या नांवें नोंदलेलें आहे ते तुम्ही नव्हे, असें म्हणून कोर्टानें तो अर्ज काढून टाकला. मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सरकारी महामंडळांच्या नांवें आहे. आजोबा, तुमच्या नातीनें हा कायदा शिकावा. त्यास पेटंटासारखी शास्त्राची अट नाहीं.

इंग्रजीचें मात्र लपवून उपयोग नाहीं. तालुक्याच्या कोर्टांत मराठी चालते, प्रवेशपरीक्षेचा पेपर मराठींतही असतो, पण हायकोर्टाची भाषा इंग्रजीच आहे. आणि तें हायकोर्ट आतां दूर राहिलें नाहीं; १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत सर्किट बेंच सुरू झालें आहे. कोणताही विषय घ्या, पण पदवीच्या तीन वर्षांत रोज इंग्रजीचें एक पान वाचून त्याचा गोषवारा मराठींत लिहावा. आमच्या शाळेंतून गेलेल्या एका मुलीनें हें केलें. प्रारंभीं एका पानास तिला दोन तास लागत.

सनदेच्या खर्चास भिऊं नका. सुप्रीम कोर्टानें २०२४ सालीं सांगितलें कीं नोंदणीचें शुल्क कायद्यांत लिहिलें आहे तेवढेंच, म्हणजे ७५० रुपये, व अनुसूचित जातीजमातींस १२५ रुपये घ्यावें. खरा खर्च आहे तो सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा. त्या काळांत ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं कमाई जवळजवळ नसते. ती तजवीज आजपासून धरा, नाहींतर पोर काळा कोट घडी करून ठेवून दुसरी नोकरी धरतें.

शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही वर्गांत थांबूं. गुणपत्रक, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, असल्यास नॉन-क्रीमीलेयरचा कागद घेऊन यावें. पोरीस बरोबर आणावें. तिला विचारल्यावांचून आम्ही फॉर्मांत विषय भरणार नाहीं.