ज्योतीतील आयन



ज्वलनशास्त्रातील एका अशा प्रश्नाकडे मी वळतो, की ज्याचे उत्तर दीर्घकाळ उष्णतेच्या खाती मांडले जात होते, परंतु जे वस्तुतः रसायनाच्या खाती जमा व्हावयास हवे होते.

ज्योतीचा आणि विजेचा संबंध जुनाच आहे. विद्युद्भारित पदार्थाचे आकर्षण ज्योतीच्या सान्निध्यात टिकत नाही, ही नोंद विल्यम गिल्बर्टच्या 1600 सालच्या चुंबकविषयक ग्रंथातही आढळते. पुढे ज्योतीत आयन व मुक्त इलेक्ट्रॉन असतात हे कळले, तेव्हा प्रखर तापमानामुळेच ते निर्माण होत असावेत, असे मानणे साहजिक होते. या समजुतीची कसून तपासणी करण्याचे साधन 1920 साली मेघनाद साहांनी दिले. सूर्याच्या वर्णावरणासाठी मांडलेले त्यांचे समीकरण तापमान, दाब आणि आयनीभवन-ऊर्जा यांवरून समतोलावस्थेत किती अणू आयनीभूत होतील, याचा हिशेब देते. हा हिशेब स्वच्छ ज्योतीस लावला की तफावत उघडी पडते. 2,200 केल्विन तापमानास रेणूची सरासरी गतिज ऊर्जा 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही आत राहते. नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास मात्र 15.6 आणि पाण्याच्या रेणूतून काढण्यास 12.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. असे असूनही हायड्रोकार्बनच्या ज्योतीच्या विक्रियाक्षेत्रात दर घनसेंटिमीटरास 1,000 कोटी आणि कित्येकदा त्याहूनही पुष्कळ अधिक आयन सापडतात. खतावणीत न बसणारी रक्कम दिसली की जाणता कारकून अघोषित उत्पन्नाचा शोध घेतो, तसाच शोध येथे घ्यावा लागला. आणि माझ्या मते साहा-समीकरणाची ज्योतीच्या अभ्यासातील सर्वांत मोठी कामगिरी, ते जेथे लागू पडत नाही ती जागा नेमकी दाखविणे, हीच होय.

त्या जागेचा पत्ता इंधनानेच दिला. शुद्ध हायड्रोजनच्या किंवा शुद्ध कार्बन मोनॉक्साइडच्या ज्योतीत, तापमान भरपूर असूनही, आयन फारच थोडे असतात. त्याच हायड्रोजनमध्ये किंचित हायड्रोकार्बन मिसळताच ते एकदम वाढतात. 1950 नंतरच्या दशकात कॅल्कोट प्रभृतींनी मांडलेली आणि आज सर्वमान्य झालेली उपपत्ती अशी, की कार्बन-हायड्रोजनचा अल्पायुषी मूलक ऑक्सिजनच्या अणूस भेटला असता कार्बन व ऑक्सिजन यांच्यात जो अत्यंत बळकट बंध जुळतो, त्यातून सुटणारी ऊर्जाच इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा खर्च भागविते. अशा रीतीने जन्मलेला फॉर्मिल आयन आपला प्रोटॉन तत्काळ पाण्याच्या रेणूस देतो व हायड्रोनियम आयन तयार होतो; विक्रियाक्षेत्राच्या पलीकडील ज्वलनवायूंत तोच प्रामुख्याने आढळतो आणि इलेक्ट्रॉनशी पुनर्मीलन होऊन हळूहळू नष्ट होतो.

दहा लाख कार्बन अणूंमागे अवघे एखाददुसरे आयन हाती लागतात. तरीही एवढ्याच उत्पन्नावर 1958 च्या सुमारास वायुवर्णलेखनातील ज्योत-आयनीभवन शोधक उभा राहिला, आणि हवेतील हायड्रोकार्बनांचे लेशमात्र प्रमाणही मोजता येऊ लागले.

क्षारधातूंची गोष्ट निराळी. पोटॅशियमला 4.34 इलेक्ट्रॉन-व्होल्टच पुरतात. म्हणून त्याच्या बाबतीत उष्णतेचा अंमल खरोखर चालतो आणि साहांचे समीकरणही. नमुना जितका विरल, तितका त्याचा आयनीभूत अंश मोठा. यास्तव ज्योत-प्रकाशमापकावर माती अगर रक्त तपासताना पोटॅशियमचे मापन चुकू शकते. त्यावर उपाय म्हणून नमुन्यात व प्रमाण-द्रावणात सीझियम मिसळतात, कारण त्याचे विपुल इलेक्ट्रॉन पोटॅशियमचे आयनीभवन दाबून धरतात.

आमच्या पाठ्यपुस्तकांत ज्योत ही रंगांपुरतीच येते, याचा मला मनापासून खेद आहे. अध्यापकांस माझी आग्रहाची शिफारस आहे, की दोन तारा, विद्युद्घटमाला आणि संवेदनक्षम गॅल्व्हानोमीटर एवढ्या सामग्रीवर होणारा ज्योतीच्या विद्युद्वाहकतेचा प्रयोग आपण येत्या सत्रापासून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, आणि त्याचे निष्कर्ष मराठीत लिहवून घ्यावेत.